गुरुवारी सुट्टी घेणारी गाडी

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचत आले आणि, राग मानू नका, हसत आले. रिकाम्या घरात पैंजण वाजले, वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसली... माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या पार्ट्समधलं सॉफ्टवेअर तपासते. आमच्यात एक साधा नियम आहे — ज्याची लॉगमध्ये नोंद नाही, ते घडलंच नाही. ऑफिसात कुणी भुताखेताचा विषय काढला की मी म्हणायचे, "त्याला म्हणावं आधी तक्रारीचं टिकेट काढ, स्टेप्स लिही, मग बघू." अशा बाईवर हे लिहायची वेळ आली, यातच काय ते आलं. तिखटमीठ लावणार नाही. खाली दिलेल्या वेळा माझ्या फोनमध्ये नोंदलेल्या आहेत.

आधी घर सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. काळेवाडीत आमचं छोटं घर आहे, खाली दोन खोल्या आणि वर एक. पुढच्या खोलीची खिडकी गल्लीत उघडते. खिडकीच्या बाहेर भिंतीला चार्जर आणि तिथेच माझी इलेक्ट्रिक गाडी उभी असते. खिडकीच्या आत अण्णांची कॉट. मध्ये फक्त गज.

अण्णा म्हणजे माझे वडील. तरुणपणी लातूरकडून इकडे आले आणि भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं लेथ मशीनवर उभे राहिले. वर्कशॉप बंद पडलं तेव्हाच घरी बसले. बसले म्हणजे काय, गल्लीतल्या चहाच्या टपरीवर सकाळी जायचे आणि अख्ख्या टपरीला हसवून यायचे. नकला करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

गेल्या वर्षी दिवाळीत मी गाडी घेतली. अण्णांनी चारही चाकांखाली लिंबं ठेवायला लावली, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "आवाज न्हाई, धूर न्हाई... ही चालू झाली ते कळावं कसं माय?" मग तो सगळा हिवाळा मी चाकणला निघाले की रोज दारात येऊन एकच वाक्य — "हळू जा माय, गार हाय." मी म्हणायचे, "अण्णा, चाकणला चाललेय, काश्मीरला नाही." रोजची कटकट वाटायची मला ती.

खरं तर ते बरोबर होते. थंडीत या गाडीची बॅटरी आखडते. रेंज कमी होते हे एक, पण त्याहून वाईट म्हणजे एरवी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते आणि ती ताकद परत बॅटरीत जाते, आम्ही त्याला रीजन म्हणतो, ते थंड बॅटरीत फारसं चालत नाही. पाय उचलला तरी गाडी आपली पुढे पळत राहते. मागच्या हिवाळ्यात मोशीजवळ एका टेम्पोच्या मागे मी जेमतेम वीतभर अंतरावर थांबले होते. अण्णांना अर्थातच सांगितलं नाही.

या वर्षी गणपतीत अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, बोलणंही बऱ्यापैकी परत येऊ शकतं, पण सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, आत्ताच सराव करायला हवा. बोलण्याचा सराव घेणाऱ्या एक बाई घरी आल्या. त्यांनी आरसा समोर धरला, अण्णांनी वाकडं झालेलं तोंड पाहिलं, घशातून कसलासा आवाज काढला... आणि स्वतःचाच तो आवाज ऐकून भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या वेळी डाव्या हाताने आरसा पालथा घातला. तिसऱ्या वेळी त्या बाई आल्यावर डोळेच उघडले नाहीत. टपरीला हसवणारा माणूस, आता लोक आपल्याला हसतील या लाजेने ओठ मिटून पडला होता. दिवाळी गेली. महिने भराभर जात होते आणि मी रात्री उशीत तोंड खुपसून रडत होते, दुसरं काय करणार?

डिसेंबर लागला, थंडी पडली आणि गाडीच्या स्क्रीनवर नवीन अपडेट आलं. आठवडाभर मी 'नंतर' दाबत होते. सॉफ्टवेअरच्या धंद्यातली माणसं अपडेटला जास्त घाबरतात. शेवटी एका गुरुवारी संध्याकाळी टाकलं. त्यात थंडीसाठी एक सोय होती. निघायची वेळ सांगून ठेवायची, गाडी चार्जरला जोडलेली असली की वीस मिनिटं आधी ती स्वतःच बॅटरी आणि आतली हवा गरम करून ठेवते. मी सकाळी सात चाळीसची वेळ लावली आणि झोपले.

शुक्रवारी पहाटे पाच पंचावन्नला गाडीचा पंखा घूंऽऽ करत सुरू झाला. फोनवर मेसेज — 'तुमची गाडी ६:१५ च्या प्रवासासाठी तयार होत आहे.' सव्वासहा? मी कुठे लावलं होतं सव्वासहा? खाली येऊन बंद केलं, शिव्या घातल्या, झोपले. पुन्हा सात वीसला माझ्या वेळेची तयारी नीट झाली. मोशीच्या उतारावर रीजनही झकास चाललं, म्हणून राग गेला.

शनिवारी पाच पंचावन्न. रविवारी — रविवारी हो! — पाच पंचावन्न. सोम, मंगळ, बुध, तेच. स्क्रीनवर बघितलं तर वेळ एकच लावलेली, सात चाळीस. मग लॉग उघडला. गाडीच्या प्रत्येक कामापुढे ते कुणी सुरू केलं हे लिहिलेलं असतं, फोनवरून, स्क्रीनवरून की कंपनीच्या सर्व्हरवरून. सव्वासहाच्या नोंदीपुढे तो रकाना कोरा. असा कोरा रकाना मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. कस्टमर केअरला टिकेट काढलं, व्यवस्थित स्टेप्स लिहून. उत्तर आलं, 'आपल्या गाडीत सव्वासहाची कोणतीही वेळ लावलेली आढळत नाही. आपला दिवस शुभ असो.'

गुरुवारी मी अर्धी रजा टाकून सर्व्हिस सेंटरला जाणार होते, आणि नेमकी त्या दिवशी गाडी गप्प. दात दुखणारा माणूस डॉक्टरच्या दारात बरा होतो, तसली गत. तरी गेले. त्यांनी सगळं पुसून नव्याने चालू केलं, माझी सात चाळीसची वेळही उडाली. शुक्रवारी पहाटे शांतता. जिंकले, म्हटलं.

त्याच शुक्रवारी दुपारी मी चाकणला मीटिंगमध्ये होते, गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जिंगला. दोन पंचवीसला फोन थरथरला. 'तुमची गाडी २:४५ च्या प्रवासासाठी तयार होत आहे.'

संध्याकाळी जेवताना मी आईपुढे सगळा संताप काढला. पहाटेचं ते पाच पंचावन्न, कालचा खाडा, आज दुपारचं पावणेतीन. आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"काल गुरुवार होता ना," ती म्हणाली. "गुरुवारी सुट्टी असती की."

"कुणाला सुट्टी?"

"भोसरीत. गुरुवारी लाइट नसायची, सगळी वर्कशॉपं बंद. सव्वासहाला सायकल काढायचे तुझे अण्णा पहिल्या पाळीला. अन् गुरुवार झाला की पाळी बदलायची. दुसऱ्या पाळीला पावणेतीनला निघायचे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू हसशील म्हणून बोलले न्हाई. गाडी घुंघुं करती तवा ते जागे होतेत. बुधवारी पाय खाली सोडले होते त्यांनी."

अंगावर काटा आला, नाही म्हणत नाही. पण हट्टी मी! म्हटलं, "योगायोग आहे, आई."

"असंल. उद्या दुपारी पावणेतीन, बघ तू."

शनिवारी पहाटे पाच पंचावन्नला पंखा सुरू झाला.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! नियम मोडला म्हणजे बगच, सॉफ्टवेअरमधली साधी चूक. जिन्यावरून ओरडतच उतरले, "आई, चुकला की नाही तुझा अंदाज? दुसरी पाळी ना? मग सकाळी कशी—" आणि खालच्या पायरीवर थांबले. अण्णा कॉटच्या कडेला बसले होते. स्वतःहून. दोन्ही पाय फरशीवर, डावा हात खिडकीच्या गजावर. माझ्याकडे बघत होते आणि हात गाडीकडे करत होते.

आई त्यांच्या शेजारी उभी, पदर तोंडाला. "चुकलं न्हाई," म्हणाली. "मी इसरले होते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात शनिवारी सकाळी तातडीचं काम असायचं. शुक्रवारी रात्री बारानंतर यायचे अन् पहाटे परत डबा घेऊन जायचे. कितीतरी वर्षं."

ते शनिवार मलाही आठवत होते. आमच्या शाळेत पालकांची सभा शनिवारी सकाळी असायची. अण्णांची दुसरी पाळी असेल तेव्हा तरी यावं म्हणून मी मागे लागायचे. ते एकदाही आले नाहीत. मोठी झाले तरी ती अढी माझ्या मनातून गेली नव्हती.

"अण्णा, कुठे जायचंय का?" मी विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मान हलवून 'हो' म्हटलं.

आईने त्यांना कानटोपी घातली, शाल गुंडाळली, दोघींनी धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि आई मागे बसली. गाडी आतून उबदार होती. बाहेर पवना नदीवर धुकं इतकं की पुलाचं दुसरं टोक दिसेना. मी चाळीसच्या वर गेले नाही. पण बॅटरी तापलेली असल्यामुळे पाय उचलला की गाडी अलगद मंदावत होती, भर उन्हाळ्यात मंदावते तशी. अण्णा डाव्या हाताने दाखवत होते. पिंपरीत सरळ. नेहरूनगरला उजवीकडे. वर्कशॉपला नेणार असं मला वाटलं होतं, तिथे आता कसलंसं गोदाम आहे. पण त्या फाटकापाशी अण्णांनी हात हलवला, पुढे. भोसरी गावठाणात एका अरुंद बोळाच्या तोंडाशी त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली.

तिथल्या पहिल्याच घराच्या दारात एक म्हातारे गृहस्थ मिश्री लावत बसले होते. मला ओळख पटायला वेळ लागला. लहानपणी खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये पेढे देणारे बाळूकाका. अण्णांच्या शेजारच्या मशीनवर असायचे. ते गाडीपाशी आले, आत वाकून बघितलं.

"दिग्या? आरं... आरं काय झालं रं तुला? मला कुनी सांगितलं बी न्हाई!"

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी सगळं सांगितलं, आजारपण, बोलणं, आणि जरा लाजत लाजत गाडीचंही. शनिवारचं ऐकलं आणि बाळूकाका तिथेच ओट्यावर बसले.

"तुला ठावं न्हाई व्हय पोरी? तातडीचं काम-बिम काय न्हवतं. आमच्या सुवर्णीला जन्मापासनं ऐकू येत न्हाई. पुण्यात एक बाई शनिवारी सकाळी बोलायला शिकवायच्या. माजी आन् ह्याची पाळी उलटी. माजी पयली असली की शनिवारी ह्यो माज्या मशीनवर उभा ऱ्हायचा, मी दुपारी ह्याच्या. रातच्याला बाराला सुटून साताला परत हजर. आठ वर्सं! येक शनिवार चुकला न्हाई ह्याचा."

"घरी कधी बोलले न्हाईत," आई म्हणाली.

"मीच शपथ घातल्याली, वहिनी. पोरीची जात, लगीन जमताना अडचण नगं म्हून बोभाटा केला न्हाई. चुकलं आमचं."

खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला आधी राग आला. माझ्या शाळेतले शनिवार या घरातल्या मुलीला गेले होते. माझ्याच वयाची ती मुलगी तेवढ्यात बाहेर आली, कानामागे मशीन, हातात चहाचा कप. आता ती एका छापखान्यात कॉम्प्युटरवर काम करते. गाडीत बघून तिचा चेहरा फुलला.

"दिगूकाका!" ती म्हणाली. तिचं बोलणं जाड आहे, काही अक्षरं अर्धी राहतात, पण शब्द न् शब्द कळतो. बापाने काय झालं ते सांगितलं, ती त्याच्या ओठांकडे बघत होती. मग तिने कप ओट्यावर ठेवला, गाडीचं दार उघडलं आणि खाली उकिडवी बसली. अण्णांचा डावा हात धरला आणि त्यांच्याच गळ्यावर ठेवला.

"आवाज हाताला लागतो, काका. कानाने नका ऐकू. मला पण पोरं हसायची. हसू दे. म्हणा, आ."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता तोंड फिरवणार. त्यांनी ओठ उघडले आणि "आ" म्हणाले. घोगरा, वाकडा, लांबलचक आवाज. सुवर्णा टाळी वाजवून हसली आणि अण्णांनी पुन्हा म्हटलं. बोळातली दोन माणसं थांबून बघत होती, त्यांच्याकडे अण्णांचं लक्षही नव्हतं. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडले.

तेव्हापासून सुवर्णा दर शनिवारी आमच्याकडे येते. सराव घेणाऱ्या त्या बाईंनाही मी परत बोलावलं, त्या मंगळवारी येतात आणि आता अण्णा स्वतः आरसा मागतात. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता, पण फार नाही. परवा अण्णा काठी धरून टपरीपर्यंत गेले. अजून फार बोलता येत नाही, पण सराव घेणाऱ्या बाईंची नक्कल त्यांनी नुसत्या भुवयांनी करून दाखवली आणि टपरी हसली.

आणि गाडी? त्या शनिवारनंतर ती स्वतःहून एकदाही तयार झाली नाही. रविवारी दुपारी आई खुर्ची टाकून गाडीसमोर बसली होती, मी फोन हातात घेऊन. काही नाही.

मी सगळ्या शक्यता तपासल्या. गाडी वर्षाची, शनिवारची ती अदलाबदल वीस वर्षांपूर्वीची. अण्णांचा फोन साधा बटणांचा. आईला पाळ्या आठवत होत्या, पण ॲप उघडताही येत नाही, आणि शनिवार तर ती विसरलीच होती. सर्व्हरवर दुसऱ्या कुणाच्या वेळा माझ्या गाडीला चिकटल्या असतील, भोसरीत गुरुवारची सुट्टी असणारे हजारो आहेत... असं होऊ शकतं. हे मीच ऑफिसात सांगितलं असतं. पण मग शुक्रवारी रात्री बाराला सुटून शनिवारी पहाटे परत निघणारा दुसरा कोण? कस्टमर केअरने 'टिकेट बंद करू का' असं तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा नको म्हटलं.

आता शनिवारचं सव्वासहा मी स्वतः लावते, सुवर्णाला आणायला भोसरीला जायचं असतं. गेल्या शनिवारी कडाक्याची थंडी होती. चावी घेऊन दारात चपला घालत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. अण्णा कॉटवर उठून बसले होते, डावा हात गळ्याशी.

"ह...ळू," म्हणाले. मग पुन्हा ओठ जुळवायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हात पिठाचे. "हळू... जा. गा...र हाय."

"हो अण्णा," मी म्हटलं. मागच्या अख्ख्या हिवाळ्यात एकदाही म्हटलं नव्हतं. आणि भोसरीपर्यंत खरंच हळू गेले.